एंडगेम पुन्हा बघताना: नागपुरातल्या एका घरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर उन्हाळ्यात आमच्याकडे नागपूरला भाचेकंपनी उतरते. दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नसते, कूलर घरघरत असतो आणि कोणीतरी ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ लावतंच. मग प्रश्न सुरू. मोठ्या पोट्ट्यांचे वेगळे, लहानांचे वेगळे, माझ्या आईचे तर फारच वेगळे. २०१९ पासून तीच ती उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते. सिनेमा बघितला नसेल तर इथेच थांबा. पुढे कोण मरतं, कोण उरतं, सगळं फोडलेलं आहे.

आधीचे एकवीस सिनेमे बघितल्याशिवाय हा कळतो का?

कळतो, पण लागत नाही. मार्व्हलच्या या मालिकेतला हा बाविसावा सिनेमा. सुरुवात २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून. म्हणजे अकरा वर्षांची उधारी या एका सिनेमात चुकती केलीय. काहीच न बघता बसलात तर अनोळखी लग्नाला गेल्यासारखं होतं. जेवण छान, रोषणाई छान, पण कोपऱ्यातली ती बाई एवढी का रडतेय ते कळत नाही.

निदान २०१८ चा ‘इन्फिनिटी वॉर’ बघाच, कारण हा त्याचाच उत्तरार्ध आहे. त्याच्या जोडीला २०१२ चा पहिला ‘अ‍ॅव्हेंजर्स’, कारण मधला मोठा भाग त्याच लढाईच्या मागच्या बाजूने घडतो. कोणी मला ही त्रुटी आहे का असं विचारलं तर मी हो म्हणते. स्वतःच्या पायावर उभा न राहणारा सिनेमा आहे हा. पण तो तसा असल्याचं लपवतही नाही.

गोष्ट दोन ओळींत सांग.

थानोस नावाच्या खलनायकाने अफाट शक्तीची सहा रत्नं गोळा करून चुटकी वाजवली आणि विश्वातले निम्मे जीव धुळीसारखे विरले. उरलेले महानायक, म्हणजेच अ‍ॅव्हेंजर्स, पाच वर्षांनी भूतकाळात जातात, तीच रत्नं तिथून उचलून आणतात, गेलेल्यांना परत आणतात आणि त्याची किंमत मोजतात.

तीन तास एक मिनिट! एवढी लांबण कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना सहसा पहिला तास रटाळ वाटलेला असतो. मला तोच सगळ्यात आवडतो. सुरुवातच बघा. त्यांच्यातला तिरंदाज क्लिंट आपल्या मुलीला शेतावर तिरंदाजी शिकवतोय, बायको जेवायला हाक मारतेय, तो क्षणभर पाठ फिरवतो आणि मागे कोणीच नाही. स्फोट नाही, किंचाळणं नाही. नुसतं रिकामं गवत.

त्यानंतर वीसेक मिनिटांत हे लोक थानोसला गाठतात आणि विजेचा देव थॉर त्याचं मुंडकं उडवतो. थिएटरात टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले होते. रत्नं त्याने आधीच नष्ट केलेली. त्याला मारून काहीएक साधलं नाही. सूड घेऊन झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न एवढा मोठा खर्चिक सिनेमा सुरुवातीलाच विचारतो आणि मग पडद्यावर ‘पाच वर्षांनंतर’ असं येतं. स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, एका गटात बसून लोकांचं दुःख ऐकतोय. त्यांच्यातली हेर नॅताशा कोरडं सँडविच खात ऑफिस सांभाळतेय. दिग्दर्शक रुसो बंधूंनी इथे जी सबुरी दाखवली, ती पुढच्या दोन तासांत त्यांना पुरली नाही, असं माझं मत.

आमचं मध्यंतर मात्र लक्षात राहिलं. क्लिंट आणि नॅताशा एक रत्न आणायला व्होर्मिर ग्रहावरच्या कड्यावर पोचले, आता काय होणार म्हणून सगळं सभागृह श्वास धरून बसलेलं, आणि पटकन दिवे लागले. समोशांची जाहिरात! भाचा ओरडला, “अरे काय करून राहिले बे हे!” मूळ सिनेमात मध्यंतर नसतंच, आपल्याकडे ते कुठेतरी कापून बसवतात. त्या दिवशी कापणाऱ्याने जागा बरोब्बर चुकीची निवडली होती.

काळप्रवासाचा नियम नेमका काय आहे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश सांगते. उदाहरण बर्डीवरचं घेते.

समजा, आपल्या गल्लीतला एखादा इतिहासवेडा यंत्रात बसून २६ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर पोचला. आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांच्यात त्या दिवशी लढाई जुंपली आणि दुसऱ्या दिवशी ती इंग्रजांनी जिंकली. आपल्या पठ्ठ्याने भोसल्यांच्या सरदारांना इंग्रजांचे सगळे बेत आधीच सांगितले आणि निकाल फिरवला. आता तो परत आला की काय दिसेल?

जुन्या पद्धतीच्या गोष्टींत त्याला बदललेलं नागपूर दिसलं असतं. टेकडीवर इंग्रजांचा किल्ला नाही, १८५३ चं खालसा होणं नाही, कदाचित तो स्वतःही जन्मलेला नाही. एंडगेम म्हणतो, असं काही होणार नाही. तो परत येईल ते आपल्याच नागपुरात. किल्ला जिथल्या तिथे, व्हरायटी चौकातला ट्रॅफिकही जिथल्या तिथे. तुम्ही मागे गेलात की ते ‘मागे’ तुमच्यासाठी पुढचं होतं आणि तुम्ही जगून आलेला काळ मागचा होतो. त्याला आता धक्का लावता येत नाही. हे ब्रूस बॅनर, म्हणजे हल्क होणारा शास्त्रज्ञ, समजावून सांगतो. मात्र तिकडे, १८१७ पासून, एक दुसरं नागपूर फुटून निघालेलं असेल, जिथे भोसले जिंकले. ही फांदीची गोष्ट न्यूयॉर्कच्या गच्चीवर ती जादूगारांची टक्कल केलेली गुरू बॅनरला सांगते.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. जयंत नारळीकरांनी पानिपतावर अशी कथा लिहिलीय. तीत विश्वासराव वाचतात, मराठे जिंकतात आणि आपल्या जगातला इतिहासाचा एक प्राध्यापक त्या दुसऱ्या जगात जाऊन येतो. तिथेही आपलं जग पुसलं जात नाही, त्याच्या शेजारी दुसरं उभं राहतं.

या नियमामुळे एक मोठी भानगड टळली. बाळ थानोसला पाळण्यातच संपवू या, ही सूचना सिनेमातच एक जण करतो आणि ती लगेच निकाली निघते. तुमच्या जगाला त्याचा उपयोग शून्य. पुढे थानोसची मुलगी नेब्युला आपल्याच तरुण रूपाला गोळी घालते आणि तरीही गायब होत नाही. नियमाप्रमाणे बरोबर आहे. इथपर्यंत मी लेखकांना पैकीच्या पैकी देते.

मग कॅप्टन म्हातारा होऊन त्या बाकावर कसा काय बसलेला?

इथे गुण कापायचे. नियम सांगतो की स्टीव्ह भूतकाळात राहिला, जुनी प्रेयसी पेगीशी लग्न केलं, संसार केला, तर ते सगळं दुसऱ्या फांदीवर. आपल्या जगात परतायचं तर त्याने यंत्राच्या चौथऱ्यावर उतरायला हवं, जसे बाकी सगळे उतरतात. तसं होत नाही. यंत्र रिकामं राहतं आणि तो शेजारच्या तळ्याकाठी बाकावर बसलेला दिसतो, जणू साध्या रस्त्याने वय वाढवत इथवर आला.

गंमत अशी की बनवणाऱ्यांतच एकमत नाही. लेखक ख्रिस्तोफर मार्कस आणि स्टीफन मॅकफीली यांचं म्हणणं, तो आपल्याच काळात मागे जाऊन जगला, म्हणजे इतकी वर्षं दोन स्टीव्ह एकाच जगात होते. दिग्दर्शक रुसो बंधूंचं म्हणणं, तो वेगळ्या फांदीवर जगला आणि शेवटी मित्र सॅमला आपली ढाल द्यायला इकडे आला. एकाच घरातले दोघे घरचा पत्ता वेगवेगळा सांगतायत म्हटल्यावर पोस्टमनने काय करावं? दोन तास आपण जो नियम मन लावून शिकलो, त्याच्यावरचा विश्वास इथे पानिपतात गेला.

तरीही तो प्रसंग मला आवडतो, हे कबूल करते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, बोटातली अंगठी, आणि सॅमने तिच्याबद्दल विचारल्यावर ‘नाही सांगणार’ म्हणून हसणं. १९४५ मध्ये चुकलेला एक नाच त्याने जाऊन पूर्ण केला. हिशेब चुकला म्हणून मिठाई कडू लागत नाही. फक्त दुकानदाराने हिशेब चोख असल्याची बढाई मारू नये.

थानोसचं अख्खं जहाज वर्तमानात आलं कसं? काळप्रवासाला लागणारे पिमचे कण तर मोजकेच होते.

सिनेमात याचं उत्तर नाही. एका नळीत एका माणसाच्या एका फेरीपुरते कण, असा कंजूष हिशेब आधी मांडतात. त्यासाठी १९७० मध्ये जाऊन चोरी करावी लागते, इतका कंजूष. आणि नंतर तुळईएवढं जहाज सुईच्या नाकातून निघतं. थानोसच्या हाताखालच्या कोणा हुशाराने कण तयार केले असतील असं समजून पुढे जायचं. भाच्याने यावर फार डोकं खाल्लं तर मी त्याला आंब्याचं पन्हं आणायला पाठवते.

“मावशी, स्कॉटले पाच तास अन् बाकीच्याईले पाच वर्षं, असं काऊन?”

हा माझा सर्वांत लाडका प्रश्न, कारण याचं उत्तर आजीच्या गोष्टीत आहे. भागवतात ककुद्मी नावाचा राजा येतो. मुलगी रेवती लग्नाची झाली, तिच्याजोगा वर कोणता, हे विचारायला तो तिला घेऊन थेट ब्रह्मलोकात गेला. तिथे गंधर्वांचं गाणं चालू होतं म्हणून जरा वेळ थांबला. गाणं संपल्यावर आपली यादी पुढे केली तर ब्रह्मदेव हसले. एवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली होती, यादीतल्या वरांचे वंशजसुद्धा उरले नव्हते. शेवटी रेवतीचं लग्न बलरामाशी झालं.

स्कॉट लँग, म्हणजे अँट-मॅन, हा आपला ककुद्मीच. क्वांटम जगात त्याचे पाच तास गेले आणि बाहेर पाच वर्षं. फरक इतकाच की ककुद्मीची मुलगी सोबत होती, स्कॉटची मागे राहिली. तो धावत घरी येतो, दार उघडतं, काचेपलीकडे एक मोठी मुलगी. दोघं काही क्षण एकमेकांकडे बघत राहतात. त्याने सोडलेली पोर केवढीशी होती! सिनेमात काळाचा अर्थ एवढ्या कमी शब्दांत दुसरीकडे कुठेच कळत नाही.

आणि त्याला बाहेर काढतो कोण? एक उंदीर. गोदामातल्या गाडीत यंत्राच्या बटणावर चालतो आणि विश्व वाचतं. आमच्या आईने यावर एकच शब्द उच्चारला, “बाप्पा!” तिच्या मते त्या उंदराचा मालक कोण हे उघड आहे.

यातलं विज्ञान खरं आहे का?

शब्द खरे आहेत, वाक्यं खोटी आहेत. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, प्लांक, डॉइच, मोबियस पट्टी, आयगनव्हॅल्यू अशी नावं फेकतो. डेव्हिड डॉइच हे खरे भौतिकशास्त्रज्ञ आहेत आणि काळात मागे जाणाऱ्या वाटांचा क्वांटम सिद्धांताच्या अंगाने त्यांनी विचार केलेला आहे. मोबियस पट्टी तर घरी करता येते: कागदाची पट्टी घ्या, अर्धा पीळ द्या, टोकं चिकटवा, तिला एकच बाजू उरते. पण पट्टी उलटी केली आणि काळप्रवास सापडला, हे निव्वळ पटकथेचं गणित.

पुढच्या काळात जाणं मात्र खरंच घडतं, अगदी थोडं. मोबाइलमधला नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो, त्यांची घड्याळं सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात नकाशा काही किलोमीटरांनी चुकेल, धरमपेठेत उभं राहून तुम्ही त्याच्या लेखी शहराबाहेर असाल. मागे जाण्याचं काय? स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ ला काळप्रवाशांसाठी पार्टी ठेवली आणि निमंत्रणं पार्टी झाल्यावर जाहीर केली. कोणीही आलं नाही.

या सिनेमातलं सगळ्यात भारी काय?

लोक लढाई म्हणतात. माझं उत्तर आईमुळे बदललं.

पहिल्यांदा मी तो २६ एप्रिल २०१९ लाच बघितला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, महिनाभर लांब होता तरी रस्त्यावरची हवा भट्टीसारखी. डोक्याला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर गेलो आणि एसीत शिरल्यावर आधी पाच मिनिटं डोळ्यांपुढे काजवेच. त्या वेळी मीही आरोळ्या ठोकून आले. आठवड्याभराने आईला हिंदीतला दाखवायला नेलं, ते खरं तर तिला गार हवेत तीन तास मिळावेत म्हणून. तिला कोण कुठला काही माहीत नव्हतं. लढाईत ती चक्क डुलकी घेत होती. पण त्याआधी थॉर अ‍ॅस्गार्डला, २०१३ मध्ये, जातो. त्याच दिवशी त्याची आई मरणार आहे आणि ते फक्त त्याला माहीत आहे. सुटलेलं पोट, वाढलेली दाढी, डोळे लाल. तो लपायला बघतो आणि ती मागून येते. एका नजरेत ओळखते की हा माझा आजचा मुलगा नव्हे, पुढचा आहे, आणि काहीतरी फार वाईट होऊन आलाय.

आईने माझा हात धरला. म्हणाली, “तिनं ओळखलं बघ. रया गेलेली होती तरी ओळखलं.” माझा भाऊ जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. शेवटी आजारात त्याचाही चेहरा पार बदलला होता.

दुसरा प्रसंग १९७० चा. टोनी रत्न चोरायला लष्करी तळावर जातो आणि तिथे त्याला आपला बाप भेटतो, स्वतःपेक्षा तरुण. होवार्डची बायको गरोदर आहे, पोटात टोनीच आहे. बाप घाबरलेला, मुलगा एका मुलीचा बाप झालेला. दोघं बापपणाबद्दल बोलत चालतात. टोनी खोटं नाव सांगतो, शेवटी न राहवून मिठी मारतो, आणि होवार्डला कळत नाही की या अनोळखी माणसाला झालंय काय.

हे दोन प्रसंग काढले तर काळप्रवास नुसती चोरीची युक्ती उरतो. गेलेल्या माणसाशी एकदा बोलायला मिळावं, ही हाव या सिनेमाने मनापासून ओळखलीय. नियम कितीही गळका असो, त्या खोलीतून मला बाहेर यायचं नसतं.

नॅताशावर अन्याय झाला असं का म्हणतात?

कारण झाला. आत्म्याच्या रत्नासाठी प्रिय माणसाचा बळी लागतो. क्लिंट आणि ती दोघंही दुसऱ्याला वाचवण्यासाठी कड्याकडे धावतात, एकमेकांना पाडतात, आणि ती जिंकते, म्हणजे मरते. प्रसंग म्हणून छान. पण आधीच्या सिनेमात याच कड्यावरून थानोसने आपल्या मुलीला, गमोराला, ढकललेलं आहे. एकाच रत्नासाठी, एकाच दगडावर, दोन सिनेमांत दोन बायका. आणि शेवटी टोनीच्या अंत्यविधीला सगळं विश्व काळ्या कपड्यांत उभं, नॅताशाच्या वाट्याला बाकावर बसून चार वाक्यं. पाच वर्षं ते रिकामं ऑफिस तिने एकटीने चालवलं होतं. तिचा स्वतंत्र सिनेमा २०२१ मध्ये आला. वरातीमागून घोडं.

थॉरच्या पोटावरचे विनोद?

अर्धे चालतात, अर्धे नाहीत. दुःखाने खचलेला माणूस दारू पीत घरात कोंडून बसतो, हे खरंय, आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एक असतो. त्याचं पोट दिसलं की दर वेळी हशा पिकवायचा, हे स्वस्तातलं. पण लेखकांनी शेवटपर्यंत त्याला जादूने सडपातळ केलं नाही. तसाच लढतो, आणि हातोडा त्याच्या हाकेला तसाच येतो.

“सगळ्या बायका एकत्र येतात तो शॉट तुला आवडला असेल नं?”

हे फक्त पुरुष विचारतात. नाही, आवडला नाही. भर लढाईत विश्वाच्या चार कोपऱ्यांतल्या बायका एका फ्रेममध्ये एका रांगेत कशा आल्या? हळदीकुंकवाला बोलावल्यासारख्या. जादू येणारी वांडा एकटी थानोसला हवेत उचलून त्याचं चिलखत सोलते, ते मात्र मी कितीही वेळा बघू शकते. त्याला तिचं नावही माहीत नसतं आणि ती म्हणते, कळेल. एका बाईला नीट काम दिलं की दहा जणींचा फोटो काढावा लागत नाही.

यातला थानोस आधीच्याइतका जबर का वाटत नाही?

कारण हा तो नाहीच. आपण ज्याचा राग मनात धरून बसलो, तो पहिल्या अर्ध्या तासात मेला. शेवटी येतो तो २०१४ चा. त्याने अजून चुटकी वाजवलेली नाही, मुलीचा बळी दिलेला नाही, या लोकांना तो ओळखतही नाही. म्हणजे लढाई होते ती गुन्हेगाराच्या तरुणपणाशी. ‘इन्फिनिटी वॉर’मधला थानोस चुकीच्या विचाराने का होईना, झिजलेला, थकलेला होता. हा आडदांड आहे, त्यापलीकडे फारसा काही नाही. पटकथेतली मला दिसणारी ही सर्वांत मोठी उणीव. कणांचा हिशेब चुकला तर चालतं, भावनेचं देणं दुसऱ्याच माणसाकडून वसूल करून चालत नाही.

पाच वर्षांनी परत आलेल्यांचं पुढे काय झालं?

टोनीची अट होती, मधली पाच वर्षं पुसायची नाहीत, कारण त्या काळात त्याला मुलगी झालीय. बापाचा विचार म्हणून पटतं. पण क्षणभर नागपुरात आणून बघा. तुम्ही धूळ झालात, फ्लॅटचे हप्ते थकले, बँकेने तो विकला. नवऱ्याने तीन वर्षं वाट बघून दुसरं लग्न केलं. धाकटा भाऊ आता तुमच्यापेक्षा मोठा. तुमचा मृत्यूचा दाखला कचेरीत नोंदलेला, आणि आता जिवंत असल्याचं सिद्ध करायला तुम्ही खिडकी क्रमांक चारवर रांगेत. असे विश्वातले निम्मे जीव! त्या चुटकीपेक्षा ही दुसरी चुटकी सरकारी यंत्रणेला जास्त जड गेली असती.

सिनेमा यावर जवळपास गप्प आहे. पुढच्या स्पायडर-मॅनमध्ये शाळेतल्या पोरांच्या वयांचा घोळ विनोद म्हणून आला, आणि २०२१ च्या फाल्कनच्या मालिकेत बेघर झालेल्यांचा विषय जरा गांभीर्याने आला. खरा सिनेमा तिथे होता, असं मला राहून राहून वाटतं.

शेवटची लढाई खरंच तेवढी मोठी आहे का?

चित्र म्हणून थोडी करडी, धुळकट आहे. कोण कोणाला मारतंय हे मधूनच कळेनासं होतं. पण त्याआधीच्या दोन मिनिटांच्या तोडीस तोड काही दाखवा. ढाल अर्धी तुटलेली, स्टीव्ह एकटा उभा राहून हाताचा पट्टा आवळतो, समोर अख्खी फौज. कानात खरखर, सॅमचा आवाज, आणि मागे सोनेरी वर्तुळं उघडायला लागतात. अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्रीचं संगीत तिथे घाई करत नाही, एकेक चेहरा बाहेर येऊ देतं.

आमच्या पुढच्या रांगेत एक काका नातवाला घेऊन आले होते. तोवर तोंडात सुपारी घोळवत स्वस्थ बसलेले. वर्तुळं उघडली तसे उभे राहिले आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की नातू सिनेमा सोडून त्यांच्याकडेच बघत राहिला. नागपूरच्या जुन्या टॉकीजमध्ये शिकलेली शिट्टी होती ती, मल्टिप्लेक्सच्या पोरांना जमत नाही. मागून कोणीतरी ओरडलं, “होऊन जाऊ दे काका!”

हिंदीत बघू की इंग्रजीत?

पोरांसोबत असाल तर इंग्रजीत, आईवडिलांसोबत असाल तर हिंदीत. भारतात तो इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. ए. आर. रहमान यांनी प्रसिद्धीसाठी एक गाणं केलं, तेही हिंदी, तमिळ, तेलुगूत. मराठीचा नंबर लागला नाही. आपण हिंदीत चालवून घेतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि त्यात त्यांची काही चूकही नाही. थॉरने आईला “आई” म्हणताना ऐकायला मिळालं असतं, एवढीच खंत.

एवढी कमाई केली, मग ऑस्कर का नाही?

जगभरात जवळपास २८० कोटी डॉलर. भारतात पहिल्याच दिवशी निव्वळ ५३ कोटींच्या आसपास रुपये. जुलै २०१९ मध्ये त्याने ‘अवतार’ला मागे टाकलं, आणि मार्च २०२१ मध्ये चीनमध्ये पुन्हा लागलेल्या ‘अवतार’ने पहिला नंबर परत घेतला. ऑस्करचं एकच नामांकन होतं, दृश्य परिणामांचं, तेही ‘१९१७’ला गेलं. टोनीच्या भूमिकेतल्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरला तरी मिळायला हवं होतं. मरताना शेवटच्या मिनिटात तो जेमतेम दोन शब्द बोलतो, आणि मान वळवून बायकोकडे, पेपरकडे, बघतो. तसं बघणं कुठल्याही गंभीर सिनेमात असतं तर लोकांनी लेख लिहिले असते.

नावं संपेपर्यंत थांबायचं का?

नेहमीसारखा शेवटचा जोडप्रसंग यात नाही. मूळच्या सहा कलाकारांच्या सह्या पडद्यावर उमटतात, त्यांच्यासाठी थांबा. त्यानंतर लांबच लांब नावं, आणि अगदी शेवटी काळ्या पडद्यावर लोखंडावर घण पडल्यासारखे आवाज येतात. २००८ च्या सिनेमात टोनी गुहेत आपलं पहिलं चिलखत ठोकत होता, त्याची ती आठवण.

आम्ही थांबलो होतो. झाडू घेऊन आलेली दोन मुलं दाराशी ताटकळत उभी होती, पॉपकॉर्नचा खच पडलेला. घणाचे आवाज आले तसा त्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, “झालं, आता उठतीन हे.” आणि आम्ही उठलो.